कडक कायद्याचं कौतुक करण्याआधी



मागच्या महिन्यात प्रवचन संपल्यावर आम्ही दहा-बाराजणी नेहमीसारख्या मंदिराच्या ओसरीवर बसलो होतो. बोलणं मुलांवरून कॉलेजवर गेलं आणि कॉलेजवरून गांजावर. हा शब्द हल्ली आपल्या घरांतही येऊ लागलाय, दबक्या आवाजात का होईना. एका काकूंनी मोबाइलवर आलेला निरोप मोठ्यानं वाचून दाखवला. स्वीडन देशात म्हणे गांजा बाळगणं तर गुन्हा आहेच, पण नुसता ओढलेला लघवीत सापडला तरी शिक्षा होते. निरोपाच्या शेवटी लिहिलं होतं, 'असा कायदा आपल्याकडे पाहिजे.' सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

त्याच रात्री त्या ओसरीवरच्याच एकीचा फोन आला. तिचं नाव, गाव मी सांगणार नाही आणि तुम्हीही अंदाज बांधू नका. तिचा मुलगा होस्टेलवरून परत आलाय आणि आठ महिने ती हे सगळ्यांपासून लपवतेय. सासूपासून, जावेपासून, नवऱ्यापासूनसुद्धा. मुलीचं लग्न ठरायचंय. ती म्हणाली, "ताई, तुम्ही सगळ्यांनी मान हलवलीत तेव्हा माझ्या मनात एकच आलं, की यांच्यापैकी कुणालाच आता सांगायचं नाही."

त्या वाक्यानं मला झोप लागू दिली नाही. म्हणून मी स्वीडनचा कायदा नीट वाचायला घेतला. जमेल तसं, रोज दुपारची कामं आटोपल्यावर. आज जे लिहितेय ते त्या वाचनातून आलेलं आहे आणि त्यात माझ्या स्वतःच्या हललेल्या मानेचाही हिशेब आहे.

आधी एक स्पष्ट करते, म्हणजे नंतर कुणी गैरसमज करून घ्यायला नको. मी गांजाच्या बाजूची नाही. नशेनं विवेक जातो आणि विवेक गेला की हातून काय घडेल याचा नेम नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. कोवळ्या वयात रोज गांजा ओढणाऱ्यांना मानसिक आजाराचा धोका वाढतो, हे डॉक्टरही सांगतात. विकणाऱ्याला शिक्षा व्हावी याबद्दलही माझं दुमत नाही. माझा प्रश्न फक्त ओढणाऱ्याबद्दल आहे. जो पडलाय त्याला कायद्यानं आणखी एक लाथ घालायची का?

आता स्वीडनची गोष्ट. 1965 ते 1967 या काळात स्टॉकहोममध्ये एक प्रयोग झाला. काही डॉक्टरांनी व्यसनी लोकांना नशेची औषधं कायदेशीरपणे लिहून द्यायची. प्रयोग ढिसाळ होता. रुग्ण ती औषधं दुसऱ्यांना वाटू लागले आणि त्यातूनच एका तरुण मुलीचा मृत्यू झाला, तेव्हा तो बंद पडला. त्याच काळात नील्स बेजेरोट नावाचे डॉक्टर अटक केलेल्या लोकांच्या दंडांवरच्या सुईच्या खुणा तपासून नोंदी ठेवत होते. पुढं 1973 साली स्टॉकहोमच्या बँकेत दरोडेखोरानं माणसं ओलीस धरली, तेव्हा पोलिसांना सल्ला देणारे हेच डॉक्टर. 'स्टॉकहोम सिंड्रोम' हा शब्द ज्यांच्या नावावर आहे, तेही हेच.

बेजेरोट यांचं म्हणणं थोडक्यात असं की व्यसन ही साथ आहे. विकणारा एक पकडला तर त्याच्या जागी दुसरा येतो, पण घेणाराच राहिला नाही तर धंदा उभाच राहत नाही. म्हणून पकडायचं ते घेणाऱ्याला. ऐकायला हे तर्कशुद्ध वाटतं आणि स्वीडननं ते उचलून धरलं. 1968 साली अमली पदार्थांचा स्वतंत्र फौजदारी कायदा आला. 1970च्या दशकाच्या अखेरीपासून 'अमली पदार्थमुक्त समाज' हे देशाचं ध्येय ठरलं. 1988 साली नुसतं सेवन हाही गुन्हा झाला, पण त्याला फक्त दंड होता. 1993 साली त्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंतची कैद जोडली गेली.

ही कैद का जोडली, हे वाचून मी थबकले. तिथल्या नियमानुसार एखाद्याच्या शरीराची तपासणी सक्तीनं करायची तर त्याच्यावरच्या गुन्ह्याला कैदेची तरतूद असावी लागते. नुसत्या दंडाच्या गुन्ह्यासाठी पोलीस कुणाचं रक्त किंवा लघवी घेऊ शकत नाहीत. म्हणून कायद्यात कैद घातली. प्रत्यक्षात थोडाफार गांजा सापडलेल्याला बहुधा उत्पन्नाच्या प्रमाणात दंडच होतो. म्हणजे तुरुंग हा तुरुंगात धाडण्यासाठी नव्हता, लघवी मिळवण्यासाठी होता. काकूंच्या निरोपात 'नुसत्या संशयावरून' असं होतं. कायद्याला वाजवी संशय लागतो. पण रस्त्यावरच्या पोराचे डोळे लाल आहेत की नाहीत, हे ठरवणारा शेवटी तो पोलीसच असतो.

दंड भरला म्हणून सुटका होत नाही. नोंद पाच वर्षं राहते. नोकरी मागायला जाल तर काही ठिकाणी नोंदवहीचा उतारा द्यावा लागतो. वाहन चालवण्याच्या परवान्याची चौकशी सुरू होऊ शकते. एका संध्याकाळच्या चुकीची सावली पाच वर्षं. गेल्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये वर्षाला अमली पदार्थांचे एक लाखाच्या आसपास गुन्हे नोंदवले जात होते आणि त्यातले बहुसंख्य स्वतःपुरतं घेण्याचे किंवा बाळगण्याचे होते. सगळी लोकसंख्या साधारण एक कोटीची. सांगा, पोलिसांचा वेळ कुणामागं गेला?

"पण तिथली पोरं कमी ओढतात ना?" असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं. हो, कमी ओढतात. युरोपातल्या इतर देशांच्या मानानं स्वीडनच्या शाळकरी मुलांत गांजाचं प्रमाण कमीच आहे. 2007 साली संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयानं तिथलं धोरण यशस्वी म्हणून नावाजलंही होतं. हे मी लपवणार नाही. पण थोडं मागं जाऊन पाहा. तिथं 1971 पासून नववीच्या मुलांची दरवर्षी पाहणी होते. सुरुवातीला प्रमाण बरंच होतं, मग ते उतरत गेलं आणि 1980च्या दशकाच्या अखेरीस अगदी खाली आलं. तेव्हा सेवनाचा कायदा नुकता येत होता, लघवीची तपासणी तर पुढंच होती. ती तपासणी आल्यावर 1990च्या दशकात प्रमाण पुन्हा वाढलं. त्या दशकात तिथं मोठी मंदी होती, बेकारी होती, पोरं मोकळी फिरत होती. मग पोरांच्या हाताला काम नसणं हे कारण मोठं की पोलिसाच्या हातातली बाटली? कायदा कडक म्हणून पोरं सुधारली, असं हे आकडे सांगत नाहीत.

आता ज्या गोष्टीनं माझं मत फिरलं ती सांगते. अमली पदार्थांमुळं होणाऱ्या मृत्यूंत स्वीडन अनेक वर्षं युरोपात सर्वांत वरच्या देशांत आहे. लोकसंख्येच्या मानानं तिथलं प्रमाण युरोपच्या सरासरीच्या कित्येक पट भरतं. प्रत्येक देशाची मोजण्याची पद्धत वेगळी असते, त्यामुळं थोडा फरक तिथूनही पडतो. आणि हे मृत्यू गांजाचे नाहीत, बहुतेक अफूच्या कुळातल्या औषधांचे आहेत. मग गांजाच्या कायद्याशी त्यांचा काय संबंध?

संबंध असा की दार एकच आहे. गांजा ओढणारा सतरा वर्षांचा पोरगा आणि सुई टोचणारा चाळिशीतला माणूस, दोघांना एकाच कायद्यानं गुन्हेगार ठरवलंय. पहिल्या वेळी घाबरून गप्प बसायला शिकलेला पोरगा पुढं खरंच गर्तेत गेला तर हाक कुणाला मारणार? मित्र बेशुद्ध पडलाय, ओठ निळे पडलेत, अशा वेळी फोन उचलणाऱ्याच्या मनात आधी काय येईल? रुग्णवाहिका की पोलीस? त्या दोन मिनिटांच्या विचारात जीव जातो.

आणि सरकारही याच विचारात अडकलं. सुया बदलून देणारी केंद्रं लुंद आणि माल्मो या शहरांत 1986-87 सालीच सुरू झाली होती. एकच सुई दहा जणांनी वापरली तर एड्स पसरतो, म्हणून स्वच्छ सुई द्यायची, एवढाच हेतू. पण राजधानीत असं केंद्र निघायला 2013 उजाडलं. कारण काय, तर सुई दिली म्हणजे नशेला मूक संमती दिल्यासारखं होईल. त्या पंचवीस वर्षांत स्टॉकहोममध्ये सुई टोचणाऱ्यांत एड्सच्या विषाणूची लागण पसरलीसुद्धा. तत्त्व स्वच्छ राहिलं आणि माणसं गेली.

अलीकडं तिथल्याच लोकांना हे खुपू लागलंय. सरकारनं समिती नेमली आणि तिनं 2023 साली मृत्यू कमी करण्यासाठी बरेच उपाय सुचवले. पण समिती नेमतानाच तिला बजावलं होतं, की सेवनाचा गुन्हा रद्द करावा का, या प्रश्नात पडायचं नाही. घरात गळती कुठं आहे ते शोधा, पण छपराकडं बघू नका, असं सांगितल्यासारखं.

गंमत अशी की याच देशानं दारूच्या बाबतीत वेगळी वाट धरली. 1922 साली तिथं दारूबंदीवर सार्वमत झालं. आदल्याच वर्षी स्त्रियांनी पहिल्यांदा संसदेसाठी मतदान केलं होतं. या सार्वमतात बायकांची आणि पुरुषांची मतं वेगळी मोजली. बहुसंख्य बायका दारूबंदीच्या बाजूनं होत्या, बहुसंख्य पुरुष विरोधात. शेवटी 51 विरुद्ध 49 टक्क्यांनी बंदी हरली. त्या बायकांचं दुःख मला कळतं. पगाराच्या दिवशी नवऱ्याची वाट बघणारी बाई कुठल्याही देशात सारखीच.

पण बंदी हरली म्हणून स्वीडननं दारू मोकाट सोडली नाही. ईवान ब्रात नावाच्या डॉक्टरांनी बसवलेली पद्धत होती. आपल्या रेशनकार्डासारखं एक पुस्तक, त्यावर महिन्याला ठरावीक दारू. 1955 साली ती पुस्तकं गेली आणि सरकारी दुकानं उरली. आजही कडक दारू बहुतेक त्याच दुकानात मिळते, वीस वर्षांखाली नाही, शनिवारी दुपारी तीननंतर नाही, रविवारी मुळीच नाही. पण प्यायला म्हणून कुणाचं रक्त काढून त्याला गुन्हेगार ठरवत नाहीत. गाडी चालवली तर गोष्ट वेगळी. म्हणजे माणसाला गुन्हेगार न ठरवताही व्यसनाला लगाम घालता येतो, हे स्वीडनला माहीत आहे. दारू पिणारा तिथं आपला वाटतो आणि गांजा ओढणारा परका, एवढाच फरक.

युरोपातलाच दुसरा देश बघा, पोर्तुगाल. 2001 साली त्यांनी ठरवलं की विकणं गुन्हाच राहील, गांजा बेकायदाच राहील, पण स्वतःपुरतं बाळगणाऱ्याला फौजदारी कोर्टात उभं करायचं नाही. दहा दिवस पुरेल इतक्या मालासह जो सापडेल त्याला तीन जणांच्या मंडळासमोर न्यायचं. मंडळात कायदा, आरोग्य आणि समाजकार्य यांतली जाणकार माणसं. ती विचारतात, किती दिवसांपासून? का? उपचार घेशील का? यामुळं देश नशेत बुडाला नाही. आज अमली पदार्थांच्या मृत्यूंचं प्रमाण पोर्तुगालमध्ये युरोपातल्या सर्वांत कमी देशांत मोजलं जातं. परवानगी आणि शिक्षा यांच्या मधे तिसरी जागा असते, ती ही.

"आपल्याकडे असा कायदा पाहिजे" म्हणणाऱ्या काकूंना एक सांगायचं राहिलं. आपल्याकडे तो आहे. 1985च्या आपल्या कायद्यात कलम 27 प्रमाणं सेवन हा गुन्हाच आहे आणि गांजासाठी शिक्षाही सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याच कायद्यात कलम 64-अ आहे, ते कुणी निरोपात लिहीत नाही. व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला न चालवण्याची तरतूद त्यात आहे. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत जाते. ज्या आईला आज रात्री झोप लागत नाहीये, तिनं हे कलम लक्षात ठेवावं आणि चांगल्या वकिलाला, चांगल्या डॉक्टरला गाठावं.

आता आपल्या घरातलं बोलते. रोज सकाळी आपण दुहेरी कापडातून पाणी गाळतो. गाळण्यात जीव अडकतात. मग आपण काय करतो? गाळणं झटकून देतो का? नाही. त्यावर गाळलेलं पाणी सोडून ते जीव जिथून आले त्याच पाण्यात हळूच परत सोडतो. माझ्या आजेसासूबाई विहिरीत बादली वरून ओतू द्यायच्या नाहीत, पाण्याला टेकवून मगच उलटी करायला लावायच्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवासाठी एवढी काळजी घेणाऱ्या आपण, पोटच्या पोराएवढ्या जिवाला गाळण्यात पकडून उन्हात फेकणाऱ्या कायद्याला मान डोलावतो? करणं, करवणं आणि अनुमोदन देणं, तिन्हींचा दोष सारखा असं आपण मुलांना शिकवतो. मग त्या ओसरीवर माझी मान हलली ते काय होतं? मोबाइलवरचा निरोप पुढं ढकलणं हे काय असतं?

रत्नकरंड श्रावकाचारात सम्यग्दर्शनाची आठ अंगं सांगितली आहेत. त्यातल्या उपगूहनासाठी जिनेंद्रभक्त शेठजींचं नाव येतं. त्यांची कथा तुम्हाला माहीत आहे. ब्रह्मचाऱ्याच्या वेशात आलेला चोर मंदिरातलं रत्न घेऊन पळतो, पहारेकरी त्याला धरतात आणि शेठजी म्हणतात, रत्न मीच आणायला सांगितलं होतं. चारचौघांत त्यांनी झाकलं. पण एकांतात त्याला खडसावल्याशिवाय सोडलं नाही. आणि उपगूहनाच्या लगेच पुढचं अंग आहे स्थितीकरण, म्हणजे ढळलेल्याला पुन्हा उभं करणं. ही दोन अंगं शेजारी शेजारी आहेत, हे मला या वेळी पहिल्यांदा जाणवलं.

कारण आपण बायका पहिलं अर्धवट करतो आणि तिथंच थांबतो. लपवतो. सोयरिकीसाठी, घराण्यासाठी, लोक काय म्हणतील म्हणून. मुलगा त्या झाकणाखाली कुजतो. स्वीडनचा कायदा उलटं करतो, उघडं पाडतो आणि तिथंच थांबतो. आपली लाज आणि त्यांची शिक्षा यांत मला आता फारसा फरक दिसत नाही. दोन्हीकडं पोरगा एकटाच राहतो.

नियम घेतला जातो तो स्वतःहून. कुणाच्या भीतीनं सोडलेली गोष्ट ती भीती असेपर्यंतच सुटलेली असते. रात्री न जेवण्याचा नियम आपल्यापैकी कुणी पोलिसाच्या धाकानं पाळत नाही. आपल्या मुलांनी नशेपासून लांब राहावं ते तसंच, आतून. आणि पाय घसरलाच, तर पहिली हाक त्यांनी आपल्याला मारावी. ती हाक मारायचं धैर्य पोराला येण्यासाठी घरात काय बोललं जातं, हे फार महत्त्वाचं आहे. जेवताना टीव्हीवर कुणी गांजात पकडल्याची बातमी लागली आणि आपण 'असल्यांना आत टाकलं पाहिजे' म्हणालो, तर समोर बसलेला पोरगा ते ऐकतोच. त्याच दिवशी त्यानं आपलं दार बंद करून घेतलेलं असतं.

म्हणून माझी विनंती एवढीच. तो निरोप आला तर पुढं पाठवू नका. ओसरीवर कुणी तो वाचून दाखवला तर काकूंचा मान राखून, पण स्पष्ट सांगा, की विकणाऱ्याला शिक्षा हवी आणि ओढणाऱ्याला उपचार. आणि एखादी मैत्रीण हल्ली कमी बोलत असेल, मंदिरातून लवकर निघत असेल, तर तिला फोन करा. काही विचारू नका. नुसतं म्हणा, "मी आहे, कुणाला सांगणार नाही."

मी त्या मैत्रिणीबरोबर गेल्या मंगळवारी डॉक्टरांकडं जाऊन आले. मुलगा आला होता. खाली मान घालून बसला होता, पण आला होता. तिनं आता नवऱ्यालाही सांगितलंय. सासूला अजून नाही. तेही होईल.

लिहिताना कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. मात्र हललेल्या मानेबद्दलची क्षमा मला तिच्याकडं मागायची होती, ती मी मागितली.

जय जिनेंद्र.